‘चॅरिटी’ : एक शब्द आणि त्याचे सगेसोयरे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



‘संमेलनात दोन शब्द बोलावेत’ असा चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. आयुष्यभर शाळेत शब्दच शिकवीत आलो. तेव्हा दोन शब्दांऐवजी एकाच शब्दाविषयी, पण मनापासून बोलावे, असे शेवटी ठरविले. तो शब्द इंग्रजी आहे. आमचे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचे. इंग्रजीचे पांडित्य मिरविण्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि हा शब्द आपल्या मंडळाच्या पावतीपुस्तकावर छापलेला आहे, जमाखर्चात त्याच्या नावाचे स्वतंत्र खाते आहे आणि आजच्या सभेपुढे त्याविषयी एक सूचनाही आलेली आहे. तो शब्द म्हणजे ‘चॅरिटी’.

विषयास कारण असे घडले. आपल्या ज्ञातीतील एक मुलगी बारावीच्या परीक्षेत उत्तम गुण मिळवून उत्तीर्ण झाली. पुढील शिक्षणाचा खर्च वडिलांस झेपण्यासारखा नव्हता, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही स्वतः मंडळाचा छापील अर्ज घेऊन त्यांच्या घरी गेलो. अर्जाच्या शिरोभागी ‘चॅरिटी फंड : गरीब व गरजू विद्यार्थ्यांकरिता’ असे शब्द होते. अर्जाच्या खाली अट होती, की विद्यार्थ्याने पालकांसह संमेलनात व्यासपीठावर येऊन मदत स्वीकारावी. छायाचित्र स्मरणिकेत छापले जाईल. त्या गृहस्थांनी अर्ज शांतपणे वाचला, त्याची घडी घातली आणि आमच्या हाती परत दिला. म्हणाले, “गुरुजी, मुलीला मी शिकवीन. पण हे नको.” पुढे त्यांनी पतपेढीचे कर्ज काढले. त्यांचे नाव आम्ही सांगत नाही. ते सांगणे म्हणजे आजच्या विषयाचाच भंग होईल.

ही हकीकत कार्यकारी मंडळात निघाली, तेव्हा काहींनी तो अहंकार ठरविला. काहींनी सुचविले, की ‘चॅरिटी’ हा शब्द काढून दुसरा घालावा, म्हणजे प्रश्न मिटेल. आम्हांस वाटले, की शब्द बदलण्यापूर्वी त्याची विचारपूस करावी. लग्न ठरविताना आपण घराण्याची चौकशी करतो, तद्वत् शब्दाचेही कूळ आणि सगेसोयरे पाहावेत.

‘चॅरिटी’ हा शब्द फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. त्याचे मूळ लॅटिन भाषेतील ‘कारितास’ हा शब्द. तो ‘कारुस’ या विशेषणापासून झाला आहे आणि ‘कारुस’ म्हणजे प्रिय. गंमत अशी, की त्याच शब्दाचा दुसरा अर्थ महाग असाही होता. जे आपल्यास मोलाचे वाटते ते प्रिय, आणि जे प्रिय ते मोलाचे. म्हणजे ‘चॅरिटी’च्या मुळाशी ना पैसा आहे, ना गरिबी, आहे ते समोरच्या माणसाचे मोल.

याचा पुरावा ख्रिस्ती धर्मग्रंथात सापडतो. संत पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय प्रसिद्ध आहे. १६११ साली सिद्ध झालेल्या इंग्रजी भाषांतरात तेथे ‘चॅरिटी’ हा शब्द वापरला आहे. आपले सर्वस्व गोरगरिबांच्या अन्नासाठी वेचले, परंतु अंतरी ‘चॅरिटी’ नसेल, तर ते सारे व्यर्थ होय, असा तेथील आशय. आजच्या रूढ अर्थाने वाचू गेल्यास ‘दानधर्म केला, पण दानधर्म नसेल तर व्यर्थ’ असे विचित्र वाक्य होईल. अर्थात तेथे ‘चॅरिटी’ म्हणजे दान नव्हे. दानामागील प्रेम होय. मूळ ग्रीक शब्द ‘अगापे’ असा आहे. विल्यम टिंडल याने १५२६ च्या भाषांतरात त्यासाठी ‘लव्ह’ हा साधा शब्द योजला होता. त्यावरून टॉमस मूर या विद्वानाने त्याच्याशी मोठा वाद घातला. १६११ मध्ये ‘चॅरिटी’ शब्द राहिला. परंतु १८८१ साली सुधारलेले भाषांतर निघाले, तेव्हा पंडितांनी तो काढून पुन्हा ‘लव्ह’ घातला. मराठी बायबलात या जागी ‘प्रीती’ आहे.

या २७० वर्षांत काय घडले? शब्द तोच होता, पण त्याच्यातील जीव निघून गेला. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश १७५५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ‘चॅरिटी’चे अर्थ देताना प्रेम व कोमलता हा अर्थ आरंभी दिला असून गरिबांस दिलेली मदत हा अर्थ अगदी शेवटी दिला आहे. आज कोणासही अर्थ विचारा, शेवटचाच पहिला येईल. अतिशय थंड, कोरड्या वागणुकीस ‘चॅरिटीसारखे थंड’ म्हणण्याची रीत इंग्रजीतच पडली. ज्या शब्दाचा जन्म प्रेमाच्या उबेत झाला, त्याचे असे व्हावे, ही शोकांतिकाच म्हणावयाची.

आता त्याचे सगेसोयरे पाहू. पहिला ‘आम्स’. याचा अर्थ भिक्षा, गोरगरिबांस घातलेला घास. हा शब्द दिसतो अनेकवचनी, परंतु मुळात एकवचनीच आहे. शेवटचा ‘स’ मूळ शब्दाचाच भाग. त्याचा उगम ग्रीक भाषेत, आणि मूळ अर्थ दया. ‘चॅरिटी’ आणि ‘आम्स’ यांतील भेद मराठीत दोन शब्दांनी सांगता येतो : माया आणि कीव. माया शेजारी बसून होते. कीव वरून खाली पाहून येते. एकच रुपया मायेने दिला तर एक वस्तू होते, किवेने दिला तर दुसरी. रुपयावर ते लिहिलेले नसते, पण घेणाऱ्यास ते वाचता येते.

दुसरा सोयरा ‘बेनेव्होलन्स’, म्हणजे शब्दशः सदिच्छा. हा मोठा प्रतिष्ठित शब्द. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८४९ साली आपल्या पारशी समाजासाठी संस्था स्थापन केली, तिच्या नावात हाच शब्द आहे. परंतु या सभ्य शब्दाचेही एक काळे प्रकरण आहे. पंधराव्या शतकात इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याने श्रीमंत प्रजेकडून सक्तीने पैसा उकळला आणि त्या वसुलीस ‘बेनेव्होलन्स’ असे नाव दिले. म्हणजे प्रजेने सदिच्छेने राजास दिलेली भेट! १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डच्या पार्लमेंटने तिला बंदी केली, तरी पुढील राजांनी ती पुन्हा चालू केली आणि १६२८ च्या हक्कांच्या अर्जात तिचा नावानिशी निषेध करावा लागला. ऐच्छिक वर्गणीचा अनुभव आपणांपैकी अनेकांच्या गाठी असेलच. अधिक काय सांगावे? नाव सुंदर ठेवल्याने कृती सुंदर होत नाही, एवढाच बोध घेऊ.

तिसरा ‘फिलँथ्रॉपी’. ग्रीक भाषेतील ‘प्रेम’ आणि ‘मानव’ या दोन शब्दांचा हा समास. फ्रान्सिस बेकन याने चांगुलपणावरील आपल्या निबंधात या ग्रीक शब्दाचा उल्लेख केला आहे. भुकेल्यास आज भाकरी देणे ही चॅरिटी. तो भुकेला का राहिला याचा विचार करून शाळा, दवाखाना, ग्रंथालय उभारणे ही फिलँथ्रॉपी, असा भेद सामान्यतः करतात. अँड्र्यू कार्नेगी याने आपल्या संपत्तीतून निरनिराळ्या देशांत २,५०९ ग्रंथालयांस पैसा पुरविला, तो या वर्गात पडतो. शब्द भव्य आहे, परंतु त्याची एक उणीव आम्हांस जाणवते. मानवजातीवर प्रेम करणाऱ्यास पुष्कळदा शेजारच्या मानवाचे नाव ठाऊक नसते. आपल्यासारख्या लहान मंडळात याच्या उलट स्थिती असते. येथे सर्वांस सर्वांचे नाव, गाव आणि घरची स्थिती ठाऊक असते. हे आपले बळ होय, आणि जपून न वागल्यास हेच घेणाऱ्याच्या लाजेचे कारण होय.

चौथा ‘डोनेशन’. हा तर आपला रक्ताचा नातलग. लॅटिनमधील ‘दोनुम’ आणि संस्कृतातील ‘दानम्’ हे एकाच प्राचीन मुळाचे दोन कोंभ आहेत. मात्र आज शाळाप्रवेशाच्या खिडकीशी ‘डोनेशन’ शब्द उच्चारला की पालकाच्या पोटात गोळा येतो. दानाचे नाव घेऊन वसुली होऊ लागली, की ‘बेनेव्होलन्स’ची गत ‘डोनेशन’लाही येते.

पाचवा शब्द ‘डोल’. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात बेकारांस सरकारी भत्ता मिळू लागला, त्यास लोक ‘डोल’ म्हणू लागले. आणि ‘डोल’वर जगणे ही लाजिरवाणी गोष्ट ठरली. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ काय असावा? वाटा. भावाभावांत वाटणी होते तेव्हा प्रत्येकाच्या वाट्यास येतो तो हिस्सा. वाटा मागण्यास लाज कशाची? तरीही तो शब्द लज्जेने काळवंडला.

याचे कारण शब्दात नाही, वागणुकीत आहे. १६९७ साली इंग्लंडात असा कायदा झाला, की ज्यांस सरकारी मदत मिळते त्या दरिद्री माणसांनी, त्यांच्या बायकामुलांनीसुद्धा, उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचे एक अक्षर शिवून उघडपणे वागविले पाहिजे. ते अक्षर ‘पी’, म्हणजे ‘पॉपर’, कंगाल. हा कायदा १८१० साली रद्द झाला. शंभराहून अधिक वर्षे असे अक्षर खांद्यावर शिवल्यावर मदतीसाठी कोणताही गोड शब्द योजला असता, तरी तो कडूच झाला असता.

आपण इंग्रजांस हसू नये. आपल्या भाषेतील शब्दांचे हाल याहून निराळे नाहीत. ‘खैरात’ हा शब्द अरबीतून आला. ‘खैर’ म्हणजे कल्याण, आणि खैरात म्हणजे सत्कृत्ये. आज ‘खैरात वाटली’ म्हटले, की उधळपट्टी केली असा अर्थ होतो. ‘भिक्षा’ आणि ‘भीक’ हे एकाच आईचे दोन मुलगे. एक संन्याशाच्या झोळीत मानाने बसला, दुसरा रस्त्यावर पडला. ‘माधुकरी’ शब्द किती सुंदर! मधमाशी फुलाफुलांतून थोडे थोडे घेते, फुलास इजा करीत नाही. तसे विद्यार्थ्याने घरोघरचे अन्न थोडे थोडे घ्यावे. माधुकरी मागून आणि वारावर जेवून कितीएक जण विद्वान झाले. परंतु ज्या घरी घास वाढताना कपाळास आठी पडे, त्या घरापुरती ती माधुकरी न राहता भीक होत असे.

दान कसे द्यावे, याविषयी आपल्या शास्त्रकारांनी पुष्कळ सांगितले आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार केले आहेत : परतफेडीची अपेक्षा न ठेवता कर्तव्य म्हणून दिलेले सात्त्विक, मोबदल्याच्या आशेने दिलेले राजस, आणि घेणाऱ्याचा मान न राखता, अवज्ञेने दिलेले तामस. रक्कम किती, याचा तेथे प्रश्नच नाही. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्यास निरोप देताना दानाचा जो उपदेश करतो, त्यातील एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. श्रद्धेने द्यावे, असे सांगून गुरू पुढे म्हणतो, की लज्जेने द्यावे. आपण जन्मभर समजत आलो, की लाज घेणाऱ्याने बाळगावयाची असते. उपनिषदाने ती देणाऱ्याच्या पदरी घातली आहे.

आता स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. आम्ही शाळेत असताना तेथे ‘पुअर बॉईज फंड’ नावाचा निधी असे. त्यातून आम्हांस वह्या आणि एक कंपासपेटी मिळाली. ती पेटी आम्ही पुढे कित्येक वर्षे वापरली, आणि त्या निधीचे उपकार आम्ही विसरलो नाही. परंतु दरवर्षी जून महिन्यात वर्गशिक्षक हाक देत, “पुअर बॉईज फंडाची मुले उभी राहा”, आणि साऱ्या वर्गाच्या माना वळत. ते उभे राहणेही आम्ही विसरलो नाही. आमच्या खांद्यावर अक्षर शिवलेले नव्हते, एवढेच.

याहून कटू गोष्ट पुढची आहे. आम्ही स्वतः शिक्षक झालो. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी गणवेशाच्या मदतीची यादी आमच्या हाती आली आणि आम्ही ती भर वर्गात मोठ्याने वाचली. एक मुलगा नाव पुकारल्यावर उठलाच नाही. आम्ही पुन्हा पुकारले. तो खाली मान घालून बसून राहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर शाळेत आला नाही. शेवटी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, “गुरुजी, फाटकं घालून येत होता, ते तुम्हाला चाललं असतं.” आम्हांस उत्तर सुचले नाही. आमचा हेतू वाईट नव्हता. आमच्या शिक्षकांचाही नव्हता. जे आमच्यावर झाले तेच, विचार न करता, आम्ही दुसऱ्यावर केले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत अशी यादी आम्ही कधी वाचली नाही. वस्तू कागदात बांधून, शाळा सुटल्यावर, एकेकट्यास देत आलो.

दुसऱ्या रीतीने मदत करता येते, याची उदाहरणे आपल्याच इतिहासात आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी करविली. तेथे मुलास मिळाले ते राहण्याचे घर. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१३ साली तरुण भीमराव आंबेडकरांस कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली, ती शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर. करार दोन पक्षांत होतो. जो करारावर सही करतो तो याचक नसतो. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला, त्यातून विद्यार्थ्यांस कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळू लागली. एकाने फेडलेल्या पैशावर दुसरा शिकतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग दाखविला. तेथे घेणाऱ्याच्या हातास काम मिळाले आणि मानही राहिला.

मग आजच्या सूचनेचे काय करावे? ‘चॅरिटी’ शब्द काढण्यास आमची हरकत नाही. सरकारदरबारी तो राहणारच. धर्मादाय आयुक्तांच्या इंग्रजी पदनामात तो आहे, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली नोंद झालेल्या संस्थांस त्याच्याशी संबंध ठेवणे प्राप्त आहे. आपल्या अर्जावरून आणि पावतीपुस्तकावरून तो सुखाने काढावा. परंतु त्या जागी ‘साहाय्य’ घाला, ‘आधार’ घाला की ‘सन्मान’ घाला, व्यासपीठ आणि छायाचित्र तसेच राहिले, तर दहा वर्षांत तो शब्दही नासेल, आणि मग आमच्यासारखा दुसरा कोणी येथे उभा राहून त्याचीही गोष्ट सांगेल.

म्हणून सभेपुढे आमची नम्र विनंती चार गोष्टींची आहे. पहिली, मदत घेणाऱ्याचे नाव व्यासपीठावर पुकारू नये आणि स्मरणिकेत छापू नये. देणाऱ्यांची नावे अवश्य छापावीत. त्यांस त्याची लाज वाटत असल्यास उपनिषदाप्रमाणे ते योग्यच होईल. दुसरी, अर्जाची छाननी दोनच जबाबदार सभासदांनी करावी आणि रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करावी. हिशेब तपासनिसास दाखवावा. गावास दाखविण्याचे कारण नाही. तिसरी, गुणवंतांचा सत्कार सर्वांचा एकत्र व्हावा. त्यात मदत घेतलेला कोण आणि न घेतलेला कोण, हे कोणास ओळखू येऊ नये. चौथी, विद्यार्थी मिळवता झाल्यावर त्याने यथाशक्ती पुढच्या विद्यार्थ्यासाठी निधीत भर घालावी, अशी अपेक्षा अर्जात लिहावी. सही अथवा हमी मात्र घेऊ नये. विद्येचे ऋण ज्याच्याकडून घेतले त्यासच फेडावयाचे नसते, पुढच्यास द्यावयाचे असते. ऋषिऋण फेडण्याची आपली रीत तीच आहे.

या निधीस नाव हवे असल्यास मराठीत ‘ऋणानुबंध’ हा शब्द आहे. त्यात देणारा आणि घेणारा कोण, हे शब्दावरून कळत नाही, हा त्याचा विशेष. पण नावाचा आमचा आग्रह नाही.

सभेने या गोष्टी मान्य केल्यास नवा अर्ज छापून होताच आम्ही तो घेऊन पुन्हा त्याच घरी जाणार आहोत. त्या मुलीच्या शिक्षणाची आणखी वर्षे शिल्लक आहेत आणि पतपेढीचे हप्ते चालू आहेत. तिचे वडील या खेपेस अर्ज ठेवून घेतात की पुन्हा घडी घालून परत देतात, यावरून आपला ठराव खरा की नुसताच शब्दांचा, ते कळेल.